एका सुताचे अंतर

जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावर संध्याकाळी गाडी चालवणाऱ्याने क्लच किती वेळा दाबला, याचा हिशेब त्याचा डावा गुडघा ठेवतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनीच्या टॅक्सीचालकांनी स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा ओढत दशके काढली. त्या टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईचा निरोप घेतला. एव्हाना क्लचचे पेडल नसलेल्या गाड्या उपनगरांत सर्रास दिसू लागल्या होत्या. त्यांतल्या काहींत साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्र हाताळते. जुन्या वळणाच्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र क्लचच्या जागी तेलाने भरलेला एक गोल, जड डबा असतो. तोच टॉर्क कन्व्हर्टर. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर.

हा डबा मुळात मोटारीसाठी जन्मला नाही. जहाजांवर वाफेची टर्बाइने आली, तेव्हा एक अडचण उभी राहिली : टर्बाइन वेगाने फिरते, पण जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा. तेव्हाच्या जर्मनीतल्या स्टेटिन येथील व्हल्कन गोदीतले अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी मध्ये द्रव खेळवून हा प्रश्न सोडवला. त्यांचे पेटंट १९०५ चे. मोटारींत ही युक्ती रुळायला चार दशके लागली. ब्युइकचा 'डायनाफ्लो' गिअरबॉक्स १९४८ मध्ये बाजारात आला.

डब्यात तीन पंखे असतात. पहिला इंजिनासोबत फिरतो आणि तेल भिरकावतो. समोरचा दुसरा त्या तेलाच्या माऱ्याने फिरतो आणि गिअरबॉक्सचा दांडा फिरवतो. दोघांमधला तिसरा, म्हणजे स्टेटर, परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देतो. त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट होऊन पुढे जातो. सिग्नलला गाडी थांबली की तेल नुसते घुसळत राहते आणि इंजिन बंद पडत नाही. मात्र या घुसळण्याने तेल तापते, आणि तापलेले तेल गिअरबॉक्सचे आयुष्य खाते. ज्या रहदारीसाठी आपण ही गाडी घेतो, तीच तिला गॅरेजात नेते.

काही वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्यांची गाडी अशीच अंधेरी पूर्वेच्या एका गॅरेजात गेली. गिअरबॉक्स पूर्ण खोलून, नव्या क्लचप्लेटा आणि ऑइल सील घालून पुन्हा जोडला होता. तो इंजिनाला लावताना दोघांच्या तोंडांमध्ये बोटभर फट राहिली. हाताखालचा पोरगा म्हणाला, "उस्ताद, बसत नाहीये." उत्तर आले, "बोल्ट आवळ, येईल." आला. इंजिन सुरू केले तर कर्कश आवाज, आणि गाडी जागची हलेना. पुन्हा सगळे उतरवले, तेव्हा ऑइल पंपाचा गिअर फुटलेला होता. बोलणी खाल्ली ती पोराने. मी शेजारी उभा होतो. मला काही कळत नव्हते, म्हणून गप्प राहिलो. त्यानंतर या विषयाचे जे मिळेल ते वाचू लागलो.

चूक कुठे झाली, हे गिअरबॉक्सच्या तोंडाशी डोकावले की कळते. तिथे एकात एक अशा तीन गोष्टी असतात : मधोमध फिरणारा दांडा, त्याभोवती स्टेटरला धरून ठेवणारी स्थिर नळी आणि तिच्या बाहेर ऑइल पंपाचा गिअर. कन्व्हर्टर या तिन्हींत बसावा लागतो. पहिल्या दोघांचे दाते जुळले की काम झाले असे वाटते. पण कन्व्हर्टरच्या मानेवरच्या खाचा पंपाच्या गिअरमध्ये शिरणे अजून बाकी असू शकते. तशात बोल्ट आवळले, की एका बाजूने इंजिन रेटते आणि मधल्या मध्ये पंप चिरडतो. तेलाला दाब देणारा हा एकच पंप. तो गेला की गाडी हलणार कशी?

म्हणून क्रम असा. कन्व्हर्टरमध्ये आधी नवे तेल ओतावे, मानेला आणि सीलला तेल लावावे. मग तो सरळ धरून, डावी-उजवीकडे फिरवत, हलक्या हाताने आत ढकलावा. तो टप्प्याटप्प्याने 'खट्' करून आत उतरतो. पूर्ण उतरल्यावर गिअरबॉक्सच्या तोंडावर पट्टी आडवी धरून कन्व्हर्टर किती खोल गेला ते मोजावे आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहावे. गिअरबॉक्स उचलताना तो पुढे घसरू नये म्हणून तोंडावर पट्टी बांधावी. इंजिनाशी तोंडे हाताने मिळाली पाहिजेत. फट राहिली तर खाली उतरवून पुन्हा बसवावे. बोल्टने ओढू नये.

तोंडे मिळून बोल्ट लागले, की शेवटची परीक्षा. इंजिनाच्या चकतीला अजून न जोडलेला कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि त्याच्या व चकतीच्या मध्ये थोडे अंतर राहिले पाहिजे. बऱ्याच गाड्यांत ते तीन ते पाच मिलिमीटर, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत एक ते दीड सूत असते. अंतर नसेल तर कन्व्हर्टर बसलेला नाही. ते फार असेल तर कन्व्हर्टर किंवा चकती चुकीची आहे. जुना कन्व्हर्टर परत वापरायचा असेल, तर आणखी एक पथ्य : झिजलेल्या क्लचप्लेटांचा चुरा त्यात साचतो, आणि डबा वेल्डिंगने बंद असल्याने तो नुसता धुऊन निघत नाही. कापून, साफ करून, पुन्हा वेल्ड करून त्याचा तोल तपासावा, नाहीतर बदलावा.

हे सारे शिकल्यावर लक्षात आले, की त्या दिवशीचे निदान त्या पोराने आधीच केले होते. "बसत नाहीये" हे त्याच्या हातांना कळले होते. त्याच्यापाशी नव्हती ती मोजपट्टी आणि पुस्तकातला आकडा. आणि त्याचे ऐकून घेणारा माणूस. आता गॅरेजात गेलो, की हाताखालचा पोरगा काय म्हणतो तिकडे माझे आधी लक्ष जाते.