मोटारीतल्या घड्याळाची साक्ष

जुनी मोटार बाळगणाऱ्या कोणाही गृहस्थाला गाठा आणि त्याच्या गाडीत काय काय चालते ते विचारा. एंजिन चालते, हॉर्न वाजतो, पावसाळ्यात वायपरही हलतो, असे तो कौतुकाने सांगेल. घड्याळाचे नाव काढा. गृहस्थ चहा मागवील आणि विषय बदलील.

आमच्याकडेही तीच स्थिती होती. आजोबांनी 1958 साली मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली 1951 सालची शेव्हरोले आमच्या पुण्याच्या घरामागच्या शेडमध्ये अजून उभी आहे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता. परदेशांतून आलेले भाग जोडून तेथे 1928 पासून 1954 पर्यंत गाड्या उभ्या करीत. आमची त्यांतलीच. गाडी आणि माझे वडील एकाच वयाचे. दोघांचीही तब्येत वयाच्या मानाने ठीक. पण डॅशबोर्डवरचे घड्याळ माझ्या जन्माच्या आधीपासून सव्वातीन वाजल्याचेच सांगत होते.

त्या सव्वातीनची कथा आमच्या घरात पाठ होती. 1962 च्या दिवाळीत गाडीवरच्या ड्रायव्हरने उगाच खटपट करून घड्याळ बिघडवले आणि आजोबांनी त्याला कामावरून काढले. आजोबा वकील. त्यांनी ड्रायव्हरला दोन-चारदा डॅशबोर्डखाली पेचकस घेऊन वाकलेले पाहिले होते. आदल्या दुपारी तीन वाजता दिवाळीसाठी गाडी धुवायला काढली होती, तेव्हा ती त्याच्या एकट्याच्या ताब्यात होती. काटे सव्वातीनवर. आणखी काय पुरावा हवा? ज्या वकिलाने जन्मभर आपल्या पक्षकारांसाठी संशयाचा फायदा मागितला, त्याने तो घरच्या नोकराला दिला नाही. ‘साहेब, मी हात लावला नाही,’ एवढेच तो म्हणाला म्हणे.

गेल्या उन्हाळ्यात मी ते घड्याळ काढून बुधवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे नेले. मी मराठीचा मास्तर. समास सोडवावा तो मी. यंत्र सोडवणे माझ्या आवाक्यातले नव्हे. तरी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून जे पाहिले ते सांगण्यासारखे आहे.

या घड्याळाला विजेचे घड्याळ म्हणतात खरे, पण वीज काटे फिरवीत नाही. आत साधे टिकटिकणारे घड्याळच असते: हेअरस्प्रिंग, इकडून तिकडे झुलणारे बॅलन्सचे चाक, सगळे मनगटी घड्याळासारखे, अंगाने जरा दांडगे. फरक चावीत. याची स्प्रिंग इतकी तोकडी की ती एक-दोन मिनिटांतच उलगडते. उलगडता उलगडता एक दांडी खाली येते आणि तिच्या टोकाचा पॉइंट दुसऱ्या पॉइंटला टेकतो. टेकताक्षणी बॅटरीची वीज कॉइलमधून धावते, लोहचुंबक जागा होतो आणि दांडीला लाथ मारून पुन्हा वर उडवतो. स्प्रिंग ताणली जाते, पॉइंट सुटतात, वीज तुटते. ‘टक्’ असा आवाज येतो तो या लाथेचा. दर दोन मिनिटांनी एक धरली तरी दिवसाला 720 लाथा झाल्या, वर्षाला दोन लाख बासष्ट हजार आठशे! आणि गाडी शेडमध्ये उभी असली तरी हे चालूच.

या आवाजाने एकदा मोठे नाव कमावले. 1958 साली डेव्हिड ओगिल्वी या जाहिरातकाराने रोल्स-रॉइस गाडीची जी गाजलेली जाहिरात लिहिली, तिचा मथळाच असा होता की ताशी साठ मैल वेगाने जाताना या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो विजेच्या घड्याळाचा. ओगिल्वींनीच पुढे सांगितले आहे की कंपनीच्या एंजिनियरने तो मथळा वाचून मान हलवली आणि त्या घड्याळाचे आता काहीतरी केले पाहिजे, असे उद्गार काढले. एंजिनियर तो एंजिनियरच!

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले आणि मागचे झाकण काढण्यापूर्वीच थांबले.

“सर, हे आजवर कोणी उघडलेलं नाही.”

“कशावरून?”

“स्क्रूच्या खाचा बघा. कोऱ्या आहेत. पेचकस एकदा जरी लागला असता तरी ओरखडा राहिला असता.”

मग झाकण निघाले. कॉइलवरचे वेष्टण करपून काळे पडले होते आणि दोन्ही पॉइंट एकमेकांना चिकटून बसले होते. “बॅटरी उतरली होती तेव्हा गेलंय हे,” ते म्हणाले. बॅटरीत जोर नसला की लोहचुंबकाची लाथ अपुरी पडते. दांडी वर उडतच नाही, पॉइंट टेकलेलेच राहतात आणि उरलीसुरली वीज कॉइलमधून अखंड वाहून तिला जाळते. स्प्रिंगला नवा ताण मिळत नाही, म्हणून काटे दोन मिनिटांच्या आत थांबतात.

“म्हणजे बॅटरीनं मान टाकली ती बरोबर सव्वातीनला,” मी म्हटले.

“दुपारी की पहाटे, ते मात्र घड्याळ सांगत नाही,” घड्याळजी हसले.

घरी येऊन हे सारे मी मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितले. मला वाटले, त्यांना गंमत वाटेल. त्यांनी हातातले वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पहाटे.”

त्या दिवाळीत बाबा अकरा वर्षांचे. आतेभाऊ सुट्टीला आले होते. संध्याकाळी शेडचे दार लावून, गाडीचे दिवे पेटवून ही मंडळी भिंतीवर हातांच्या सावल्यांचे ससे, हत्ती, पोपट नाचवीत. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आजीने जेवायला हाक मारली आणि दिवे तसेच राहिले. अभ्यंगस्नानाला उठवल्यावर बाबांना आठवण झाली. ओल्या अंगाने ते शेडकडे धावले. दिव्यांची नुसती लाल तार उरली होती. बटण बंद करून ते फराळाला येऊन बसले. सकाळी गाडी सुरू होईना, तेव्हा तिला ढकलणाऱ्यांत ते स्वतः होते आणि त्यांच्या शेजारी ड्रायव्हरही होता. मुले त्याला मामा म्हणत.

“घड्याळाचं आणि बॅटरीचं काही नातं असेल, हे मला ठाऊक नव्हतं,” बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “पण गाडी का सुरू होत नाही ते ठाऊक होतं. तेही मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अण्णांनी कदाचित विचार केला असता.”

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. मोटर वाइंडिंग करणाऱ्या एकाने जळकी तार उलगडून वेढे मोजले, तिची जाडी मापली आणि तितक्याच वेढ्यांची नवी कॉइल भरली. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केले. यंत्र सुटे करून पेट्रोलमध्ये धुतले, कारण जुने तेल डिंकासारखे घट्ट झाले होते. नवे तेल घातले ते सुईच्या टोकावर मावेल इतकेच. हौशी माणसे येथे शिवणयंत्राचे तेल ओततात, ते करू नये. धूळ त्यात रुतते आणि बॅलन्स अडखळतो. शिवाय ही गाडी सहा व्होल्टची. शेव्हरोले बारा व्होल्टवर आली 1955 पासून. जुन्या गाडीला कोणी बारा व्होल्टची बॅटरी बसवली असेल, तर घड्याळाची तार आधी सोडवावी. गाडी महिनामहिना उभी राहणार असेल तरीही सोडवावी. आम्ही तारेत एक लहानसा फ्यूजही घातला आहे.

आतले सगळे काढून क्वार्ट्झ यंत्र बसवून देतो, असेही एकाने सुचवले होते. आवाज नाही, कटकट नाही, वेळ अचूक. पुष्कळ लोक तसे करतात आणि त्यांना मी नावे ठेवीत नाही. बाबांनी मात्र साफ नकार दिला. त्यांना तो ‘टक्’ हवा होता.

घड्याळ गाडीत बसल्यावर बाबांनी मला एक काम लावले. मामाचा मुलगा शाळेत त्यांच्या मागच्या वर्गात होता. त्याचा पत्ता शोधायला मला दोन महिने लागले. हडपसरला नातवंडांच्या घरात एक प्रसन्न वृद्ध गृहस्थ भेटले. आम्ही त्याच गाडीतून गेलो होतो. बाबांनी सगळे सांगितले. सावल्यांचे ससेसुद्धा गाळले नाहीत. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले.

“दादांना नंतर एस.टी.त नोकरी लागली,” ते म्हणाले. “रिटायर होईपर्यंत तिथंच होते. बरं चाललं आमचं. घड्याळाचं मात्र घरात कधी काही बोलले नाहीत.”

“कधीच नाही?”

“नाही. पण शेव्हरोले रस्त्यात दिसली की आम्हाला बोट धरून पलीकडच्या फुटपाथवर न्यायचे. का ते आज कळलं.”

सूनबाईंनी चहा आणला. चहा झाल्यावर ते गृहस्थ काठी टेकत खाली आले आणि गाडीत पुढच्या बाजूला, वडील जिथे बसत त्या जागेवर बसले. बाबा दाराशी उभे होते. दोघांनीही काही म्हटले नाही. दोन मिनिटांनी टक् झाले, तेव्हा ते दचकले आणि त्यांनी घड्याळाच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली.

“पाच मिनिटं पुढं आहे,” ते म्हणाले.

बाबांनी खिडकीतून हात घालून काटे मागे घेतले.