चाळिशीनंतरचे बळ

शरीर कमवायचे ते विशीत. चाळिशी उलटली की असेल तेवढे सांभाळायचे, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. या वयात माणसाने फार तर सकाळी फिरायला जावे, चार आसने करावीत. वजने उचलणे हे तरण्याताठ्यांचे काम! समजूत जुनी आहे खरी, पण बरोबर नाही. ती का बरोबर नाही, आणि पन्नाशी-साठीची हौशी माणसे चक्क वजन उचलण्याच्या स्पर्धेत का उतरतात, हे आज पाहू.

तिशीनंतर आपले स्नायू हळूहळू झिजू लागतात. दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के, आणि साठीपुढे त्याहून जलद. यात एक मेख आहे. स्नायूंत ढोबळमानाने दोन जातींचे तंतू असतात. एक संथ, पण चिवट. चालताना, उभे राहताना तेच राबतात. दुसरे चपळ आणि जोरकस. जड पेटी उचलताना किंवा ठेच लागून तोल जाऊ लागला की तो सावरताना ते धावून येतात. वयाबरोबर जास्त झिजतात ते हे दुसरे. साध्या चालण्याने त्यांना फारसे कामच मिळत नाही. म्हणून रोज तासभर फिरणारा गृहस्थही पंगतीतून उठताना जमिनीला हात टेकतो.

मग तालमीतल्या जोर-बैठकांचे काय, असे आपण विचाराल. नवख्याला दहा बैठकाही भारी पडतात आणि त्याला त्यांचा भरपूर फायदा होतो. पण एकदा शंभर सहज जमू लागल्या, की पुढच्या पन्नासांनी वाढतो तो मुख्यतः दम. ताकद वाढवायची तर बोजा वाढवावा लागतो.

भारी व्यायामाचा हिशेब सोपा आहे. समजा, आपण एखादे ५० किलोंचे वजन जेमतेम एकदा उचलू शकतो. तर त्याच्या ८० टक्के, म्हणजे ४० किलो घ्यायचे, आठ वेळा उचलायचे, मग थांबायचे. दोन-तीन मिनिटे विसावा घेऊन पुन्हा तेच, असे तीनदा. दुसऱ्या दिवशी त्या स्नायूंना सुट्टी! ते बळकट होतात ते विश्रांतीत.

उतारवयात हे कितपत चालते? अमेरिकेत बोस्टन येथे मारिया फियाटारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या शुश्रूषागृहातील दहा जणांनी त्यात भाग घेतला; त्यांचे सरासरी वय ९० होते! आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे, त्यांच्या पायांना असाच भारी व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने जवळजवळ पावणेतीन पट झाली. मांडीचा स्नायू मात्र सुमारे ९ टक्केच वाढला. म्हणजे सुरुवातीची बरीचशी कमाई स्नायूंच्या आकाराची नसते; असलेल्या स्नायूंना एकदम कामाला लावण्याची हातोटी मज्जातंतू शिकतात.

इथेच चाळिशीतल्या माणसाने सावध राहायचे. ताकद भराभर वाढते. स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडर मात्र सावकाश पक्के होतात. जोर आला म्हणून घाईने वजन वाढवले, की खांदा नाहीतर गुडघा धरलाच म्हणून समजा. शिवाय श्वास कोंडून वजन उचलताना रक्तदाब बराच चढतो. तेव्हा रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे, आणि सुरुवात जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करावी. आणि हो, हे सारे भगिनींसाठीही आहे. पाळी थांबल्यावर हाडे विरळ होऊ लागतात. बोजा पेलल्याने त्यांनाही आधार मिळतो.

आता स्पर्धेकडे वळू. पॉवरलिफ्टिंगची आंतरराष्ट्रीय संघटना १९७२ साली स्थापन झाली. त्या खेळात चाळिशीपुढे दहा-दहा वर्षांचे वयोगट असतात, त्यामुळे पन्नाशीच्या माणसाची गाठ पंचविशीच्या गड्याशी पडत नाही. प्रकार तीन: खांद्यावर बार घेऊन बैठक मारणे, बाकावर उताणे पडून बार छातीवरून वर रेटणे, आणि जमिनीवरून बार उचलून ताठ उभे राहणे. प्रत्येकात तीन संधी. समोर तीन पंच. दोघांनी पांढरा दिवा लावला तर उचल मान्य.

यातला एक नियम प्रौढांना फार काही शिकवतो. एकदा सांगितलेले वजन उचलता आले नाही, तर पुढच्या संधीला ते कमी करता येत नाही. तेच किंवा त्याहून जास्त घ्यावे लागते. आणि एका प्रकारातल्या तिन्ही संधी हुकल्या, तर बेरजेच्या स्पर्धेतून माणूस बाद! तेव्हा विशीतल्या आठवणींवर विसंबून पहिले वजन सांगणारा फसतो. गेल्या महिन्यात सरावात काय उचलले, हे वहीत पाहून सांगणारा टिकतो.

श्रोतेहो, प्रत्येकाने स्पर्धेत उतरलेच पाहिजे असे नाही. पण ठरलेली एक तारीख, बोजाची नोंद करणारी एक वही आणि आजच्या बळाचा खरा अंदाज या तीन गोष्टी कोणालाही घरी नेता येतील. आणखी वीस वर्षांनी पंगतीतून हात न टेकता उठता यावे असे वाटत असेल, तर त्याची तयारी आजच सुरू करायला हवी.