छोट्या ट्रॅक्टरचे मागचे पाते : पन्हा मोजूनच घ्या

आमचा धंदा कापडाचा. गिऱ्हाईक दुकानात आले की आम्ही आधी पन्हा सांगतो, मग भाव. लोखंड घेताना मात्र ही साधी गोष्ट आम्ही विसरलो आणि पैसे मोजून शिकलो. व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून हा अनुभव लिहीत आहोत.

कळमनुरीच्या भागात हळद पिकते. शिजवलेली हळद वाळवायला सपाट जागा लागते, शेतरस्त्यावर मुरूम पसरावा लागतो. ही कामे भाड्याने घ्यावीत म्हणून आमच्या भाच्याने १८ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला. पाते आम्ही घेऊन दिले. विकणारा म्हणाला, "शेठ, मोठे घ्या, दोन फेऱ्यांचे काम एका फेरीत होईल." आम्ही ६ फुटी घेतले. मोकळ्या मातीत ठीक चालले. मुरमाच्या ढिगाला लावले तशी मागची चाके जागेवरच फिरू लागली. पाते उचलले की पुढची चाके हलकी होत आणि स्टिअरिंग ऐकेना.

मग टेप काढला. मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत अंतर भरले ४२ इंच. पाते याहून थोडे रुंद हवे, नाहीतर चाकांचा माग तसाच राहतो. पण माती बाजूला टाकण्यासाठी पाते तिरपे करावे लागते आणि तिरपे केले की त्याचा पन्हा कमी होतो. ३० अंश तिरपे केल्यावर ४ फुटी पाते साडेएकेचाळीस इंचच झाकते, म्हणजे अपुरे. साडेचार फुटी सुमारे ४७ इंच झाकते, ५ फुटी ५२. आमच्या ट्रॅक्टरला साडेचार फूट पुरेसे होते. नेहमीच ४५ अंशात चालवणाऱ्याने ५ फुटी घ्यावे, पण मग माती थोडी थोडीच ओढावी.

वजनाचेही तसेच. हलके पाते कडक जमिनीवरून नुसते घसरते आणि जड पाते ट्रॅक्टरचे तोंड वर करते. कंपनीच्या कागदावरची उचलण्याची ताकद खालच्या जोडदांड्यांच्या टोकाशी मोजलेली असते; पाते त्याच्याही मागे असते, म्हणून तेच वजन जास्त भारी पडते. पुढे वजने लावली तर बरे. घट्ट काळी जमीन आधी नांगरून किंवा रोटाव्हेटरने मोकळी करावी. पाते खोदण्यासाठी नाही.

पाती बनवणाऱ्या कारागिरांना विनंती की पत्रा कापण्यापूर्वी गिऱ्हाइकाला चाकांचे बाहेरचे माप, खालच्या दोन दांड्यांमधले अंतर आणि पिनेची जाडी विचारावी. छोट्या ट्रॅक्टरांत हे अंतर सारखे नसते. खालची धारपट्टी वेल्डिंगऐवजी नटबोल्टने बसवावी, म्हणजे झिजल्यावर बदलता येते.

आमचे पाते गावातल्या कारागिराने दोन्ही बाजूंनी ९-९ इंच कापून दिले. आता चाके फिरत नाहीत. कापलेले तुकडे दुकानाच्या मागे पडून आहेत. भंगारवाला त्यांचा जो भाव सांगतो, तो ऐकून आम्ही अजून दिलेले नाहीत.