गळतीचा शोध

जून आणि जुलै महिन्यांत कोकण किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात आणि इंजिनांची देखभाल केली जाते. तेल बदलले जाते, फिल्टर नवे बसवले जातात, झिजलेले रबरी पाइप काढले जातात. या कामात एखादा सांधा सैल राहून जाण्याची शक्यता असते. खोल समुद्रात इंजिन बंद पडले, तर नौका वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या स्वाधीन होते. म्हणून ती पाण्यात उतरवल्यावर, धक्क्याला बांधलेली असतानाच गळती तपासली जाते.

इंजिन थंड असताना बहुतेक गळत्या दिसत नाहीत. दाब आणि उष्णता वाढली, की त्या प्रकट होतात. जाणता तांडेल आधी इंजिन व त्याखालचा भाग कोरड्या फडक्याने पुसून घेतो, कारण जुन्या डागांत नवा थेंब ओळखू येत नाही. मग इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवून विजेरीच्या प्रकाशात तो एकेक सांधा पाहतो.

तेल बऱ्याचदा फिल्टरपाशी गळते. जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर दोहोंमधून तेल उडू लागते. डिझेलची गळती अधिक फसवी असते. टाकी खालच्या पातळीवर असेल, तर पंप डिझेल वर ओढून घेतो. त्या पाइपाचा सांधा सैल असला, तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. थेंब कोठेच दिसत नाही आणि इंजिन मात्र आचके देत बंद पडते. याउलट इंजेक्टरच्या पाइपात दाब इतका प्रचंड असतो, की बारीक भेगेतून उडणारी धार त्वचेत घुसते. ती हाताने कधीही चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरावा, त्यावर डाग उमटतो.

प्रत्येक थेंब हा दोष नव्हे. पंख्याचा दांडा नौकेबाहेर जातो, तेथे पाणी अडवण्यासाठी दोरीसारखे पॅकिंग भरलेले असते. दांडा फिरत असताना त्यातून थोडे थेंब पडावेच लागतात. त्यांनीच ते थंड राहते. उत्साहाच्या भरात नट घट्ट आवळला, तर पॅकिंग जळते आणि दांड्यावर चरे पडतात.

इंजिन थांबल्यावर तेल मोजण्याची पट्टी काढून पाहिली जाते. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजून नौका धक्क्यालाच ठेवावी. एरवी रात्री इंजिनाखाली जुने वर्तमानपत्र पसरतात. पहाटे ते कोरडे निघाले, की नौकेत बर्फ भरायला सुरुवात होते.