सियाझ : महामार्गावरील एका काटकसरी गाडीचा परिचय

पुण्याच्या वेताळ टेकडीवर असलेली आणि १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था सामान्य ग्राहकास तिच्या कार्यापेक्षा आद्याक्षरांनीच अधिक परिचित आहे. कारण गाडीच्या शोरूममध्ये ‘एआरएआय अ‍ॅव्हरेज’ म्हणून जो आकडा सांगितला जातो तो तिच्या नावावर चालतो, आणि मध्यमवर्गीय कुटुंबातील खरेदीचा निर्णय पुष्कळदा त्या एका आकड्यापाशी येऊन ठरतो. मारुती सुझुकीच्या सियाझ या गाडीस, दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आणि हाताने टाकावयाचे पाच गिअर अशा स्वरूपात, हा आकडा लिटरमागे २१.५६ किलोमीटर असा लाभला होता. साडेचार मीटरला जेमतेम एक सेंटिमीटर कमी लांबीची, मागील आसनावर पाय ऐसपैस पसरू देणारी, ५१० लिटरच्या डिकीत चार माणसांचे सामान सहज सामावून घेणारी सेडान इतक्या थोड्या इंधनात चालावी ही गोष्ट खरोखर कौतुकाची आहे. परंतु जो मनुष्य कामानिमित्त आठवड्यातून अनेकदा पुण्याहून नवी मुंबई गाठतो आणि संध्याकाळी परततो, त्याच्या दृष्टीने त्या आकड्याचा अर्थ काय, आणि गाडीच्या पाठीवर ‘हायब्रिड’ म्हणून जी मुद्रा उमटविलेली असते तिचा त्यात हिस्सा किती, याचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला पाहिजे.

सियाझ भारतीय बाजारात आली ती ऑक्टोबर २०१४ मध्ये. १ एप्रिल २०१५ पासून केंद्र सरकारची ‘फेम’ योजना अंमलात आली, विजेवर चालणाऱ्या व संकरित वाहनांना तिच्यातून सवलत मिळू लागली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सियाझच्या डिझेल इंजिनास ‘एसएचव्हीएस’ नावाची माइल्ड हायब्रिड योजना जोडली गेली. आधीच्या डिझेल सियाझचा प्रमाणित आकडा २६.२१ होता, तो आता २८.०९ झाला. ही सवलत मात्र फार काळ टिकली नाही. एप्रिल २०१७ पासून डिझेलवरील माइल्ड हायब्रिड गाड्या योजनेतून वगळण्यात आल्या, आणि तो निर्णय माझ्या मते योग्य होता, कारण जी गाडी विजेच्या बळावर एक पाऊलही टाकू शकत नाही तिला विजेच्या गाडीच्या पंक्तीस बसविणे सरकारी तिजोरीच्या दृष्टीने समर्थनीय नव्हते. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये गाडीचे रूप पालटले, जुने १.४ लिटरचे पेट्रोल इंजिन जाऊन १४६२ घनसेंटिमीटरचे नवे इंजिन आले, आणि त्याच्या जोडीला लिथियम-आयन बॅटरीसह तीच माइल्ड हायब्रिड योजना अधिक सुधारलेल्या स्वरूपात बसविली गेली. या लेखाचा विषय मुख्यतः ही पेट्रोल गाडी आहे. कारण २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे मानक लागू होताच कंपनीने डिझेलचा कारभारच गुंडाळला.

या योजनेची रचना समजण्यास कठीण नाही. एरवी प्रत्येक गाडीत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर असतो, जो वीज निर्माण करून बॅटरी भरतो. सियाझमध्ये त्याच्या जागी असे यंत्र बसविले आहे की जे वीज निर्माणही करते आणि वेळप्रसंगी तीच वीज घेऊन इंजिनास पट्ट्यामार्फत हातभारही लावते. नेहमीची शिशाची बॅटरी बॉनेटखाली असतेच. तिच्याखेरीज एक लहानशी लिथियमची बॅटरी पुढच्या प्रवाशाच्या आसनाखाली ठेवलेली असते, जी झपाट्याने भरते आणि झपाट्याने रिकामी होते. गाडी थांबली, गिअर न्यूट्रलमध्ये आला आणि क्लचवरील पाय सुटला की इंजिन बंद पडते. क्लच दाबताच ते पुन्हा सुरू होते. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक लावला की चाकांच्या गतीतून थोडी वीज साठविली जाते, आणि गाडी जोर धरू लागली की ती क्षणभर इंजिनाच्या साहाय्यास येते. यांतील कोणतेही काम थोर नाही, आणि सर्व मिळूनही गाडीचे शील बदलत नाही. पण प्रत्येक काम अत्यंत कमी वजनात, कमी खर्चात आणि गाडीच्या मूळ रचनेस धक्का न लावता साधले आहे, हे तिच्या अभियंत्यांचे खरे यश होय.

आता चाचणीचा प्रकार पाहावा. भारतातील इंधनचाचणी रस्त्यावर होत नाही. गाडीची चाके रुळांवर ठेवून, ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखानुसार सुमारे वीस मिनिटे तिला चालविले जाते. त्यांतील पहिली तेरा मिनिटे शहरी वाहतुकीची असतात, ज्यांत गाडी पुनःपुन्हा थांबते, हळूहळू वेग घेते आणि पुन्हा थांबते. उरलेल्या सात मिनिटांत वेग वाढत जाऊन कमाल ताशी ९० किलोमीटरपर्यंत पोहोचतो, आणि तोही अल्पकाळच टिकतो. या आलेखावर नजर टाकली की एक गोष्ट सहज उमगते: थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद करणारी योजना अशा चाचणीत आपले सारे गुण दाखवू शकते. डिझेल सियाझचा आकडा २६.२१ वरून २८.०९ झाला, म्हणजे सात टक्क्यांची वाढ झाली, ती या परीक्षेतील वाढ होय. जो मनुष्य आपल्या प्रवासाचा बहुतांश काळ न थांबता एकाच गतीने काढतो, त्याच्या रस्त्याशी या परीक्षेचे साम्य अगदीच थोडे आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर लांबीचा आहे, आणि घाट वगळता मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. सपाट रस्त्यावर त्या वेगाने जाण्यास अशा गाडीस स्थूलमानाने दहा-बारा किलोवॉट शक्ती पुरते. इंजिनाची कमाल क्षमता तिच्या सहापट आहे. म्हणजे महामार्गावर इंजिन आळसावलेल्या अवस्थेत, पण अखंड काम करीत असते. थांबा नाही म्हणून इंजिन बंद होण्याचा प्रश्न नाही. ब्रेक नाही म्हणून साठविण्यास गती नाही. वेग स्थिर आहे म्हणून साहाय्याची गरज नाही. ज्या तीन कामांसाठी ती जोडणी केली, ती तिन्ही कामे येथे थांबलेली असतात. आणि तरीही सियाझ महामार्गावर उत्तम अ‍ॅव्हरेज देते, याचे श्रेय तिच्या वजनास दिले पाहिजे. १०५० किलोच्या आसपास वजन असणाऱ्या या गाडीने आपल्या आकाराच्या मानाने फार थोडे लोखंड अंगावर बाळगले आहे. जोडीला सेडानचा उतरता आकार आणि शांतपणे चालणारे इंजिन. ऐंशी-नव्वदच्या वेगात संयम राखणाऱ्या चालकास लिटरमागे वीस किलोमीटर मिळणे येथे नवलाचे नाही.

संयम हा शब्द मी नैतिक अर्थाने वापरीत नाही. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० चा वेग १०० केला की हा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो, मग गाडी हायब्रिड असो वा नसो. सबंध द्रुतगती मार्ग ८० ने ओलांडला तर सुमारे ७१ मिनिटे लागतात आणि १०० ने ओलांडला तर ५७. चौदा मिनिटांच्या बचतीसाठी किती पेट्रोल मोजावयाचे, हा प्रत्येकाच्या निकडीचा प्रश्न आहे. पण गाडी निवडताना आपण जी तफावत बारकाईने पाहतो, तिच्याहून मोठी तफावत आपल्या उजव्या पायाखाली असते.

खरा रंजक हिशेब आहे तो बोरघाटाचा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून थोडे अधिक उंच आहे, खोपोली साठ मीटरच्या आसपास; म्हणजे घाटात सुमारे साडेपाचशे मीटरचा उतार. माणसांसह बाराशे किलोची गाडी एवढी खाली उतरते तेव्हा तिच्याठायी असलेली जी ऊर्जा मोकळी होते ती, वीजबिलाच्या भाषेत, पावणेदोन युनिटांहून थोडी अधिक भरते. तिच्यातील बराच भाग वाऱ्याशी आणि रस्त्याशी झगडण्यात खर्च होतो हे खरे. पण उरलेली तरी बॅटरीत साठावी अशी अपेक्षा ग्राहकाच्या मनात असते. आसनाखालची ती बॅटरी बारा व्होल्टची आणि सहा अँपिअर-तासांच्या घरातील आहे; तिची एकूण धारणशक्ती एका युनिटाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. घाटाच्या पहिल्या काही वळणांतच ती भरून जाते, आणि पुढचा सारा उतार तिच्या दृष्टीने वाया जातो. ताशी ९० च्या वेगातून गाडी एकदाच पूर्ण थांबवावयाची म्हटली तरी जी गतिज ऊर्जा मोकळी होते ती सबंध साठविण्यास ही बॅटरी अपुरी आहे. हा तिचा दोष म्हणता येणार नाही. तिची मोजणी सिग्नलपासून सिग्नलपर्यंतच्या अंतरासाठी केलेली आहे.

तरीही उतारावर पेट्रोल वाचते, आणि ते एका निराळ्याच कारणाने. गाडी गिअरमध्ये असून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडलेला असला की आधुनिक इंजिनात इंधनाची फवारणी संपूर्ण थांबते. चाकेच इंजिनास फिरवितात. आपल्याकडे अनेक जुने चालक उतार लागताच गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, आणि त्यांत बचत आहे असा त्यांचा दृढ समज असतो. कार्ब्युरेटरच्या काळात तो काही अंशी खरा होता. आता तो दुहेरी अनर्थकारक आहे, कारण न्यूट्रलमधील इंजिन स्वतःस चालू ठेवण्यासाठी पेट्रोल घेतच राहते आणि सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात. तिसऱ्या गिअरात, पाय वर उचलून, उतार संथपणे उतरणाऱ्याची गाडी पेट्रोलचा थेंबही घेत नाही आणि ब्रेकही थंड राहतात. चढताना मात्र ही सारी रक्कम व्याजासह चुकती करावी लागते; नुसती उंची चढण्याचे म्हणून अर्ध्या लिटरहून अधिक पेट्रोल खर्ची पडते. म्हणून पुण्याहून मुंबईस गेल्यावर डॅशबोर्डवर जे अ‍ॅव्हरेज दिसते त्यावर विसंबू नये. परतीचा घाट चढून येऊन, त्याच पंपावर टाकी पुन्हा फुल्ल करून जो आकडा निघतो तोच प्रमाण मानावा.

मग त्या लहान यंत्राचा महामार्गाच्या प्रवाशास उपयोग तो कोणता? आहे, आणि तो रस्त्याच्या दोन्ही टोकांस आहे. वाकडचा पूल, कळंबोलीचे चौक, वाशीकडे जाणारी संध्याकाळची रांग, खालापूरच्या टोलनाक्यावरील शनिवारची गर्दी: येथे गाडी हातभर सरकते आणि थांबते. सियाझचे इंजिन अशा वेळी विझते तेव्हा स्टिअरिंगवरील हातास एक बारीकशी थरथर जाणवते आणि मग पूर्ण शांतता पसरते. पुढची गाडी हलली की क्लच दाबावा. सेल्फचा तो परिचित खरखराट येथे नाही, पट्टा फिरतो आणि गिअर पडेपर्यंत इंजिन जागे झालेले असते. उन्हाळ्यात मात्र ही सोय सोशिकपणा मागते, कारण एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो आणि इंजिन थांबताच वाऱ्याचा गारवा ओसरू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पनवेलच्या उकाड्यात ती योजना बंद करण्याचे बटण दाबणाऱ्यास दोष देता येणार नाही.

चढावरच्या वागणुकीबद्दल दोन शब्द. १३८ न्यूटन-मीटरचा कमाल जोर हे पेट्रोल इंजिन ४४०० फेऱ्यांवर देते; विजेचे साहाय्य अल्पकालिक असल्याने लांब चढावर ते पुरत नाही, आणि भरलेली गाडी अमृतांजन पुलाच्या जुन्या जागेपाशी ट्रकांच्या मागे सापडली की तिसरा गिअर टाकण्यावाचून गत्यंतर नसते. जुनी डिझेल सियाझ तेथे चौथ्यात निर्वेधपणे चढत असे, कारण तिचा २०० न्यूटन-मीटरचा जोर पावणेदोन हजार फेऱ्यांवरच हाती येई. स्वयंचलित पेट्रोल गाडीत केवळ चार गिअर आहेत. वेगात इंजिनाचा आवाज चढा राहतो आणि प्रमाणित आकडाही २०.२८ वर घसरतो. रोजच्या महामार्गासाठी मी ती घेण्याचा सल्ला देणार नाही. शहरातच बहुतेक चालविणाऱ्याने अवश्य घ्यावी.

एक उणीव गंभीर आहे. आग्नेय आशियातील आसिआन एनकॅप चाचणीत सियाझला २०१६ साली प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी चार तारे मिळाले होते, आणि २०२३ मध्ये गाडी घसरू न देणारी ईएसपी प्रणाली सर्व प्रकारांत आली. परंतु एअरबॅग शेवटपर्यंत दोनच राहिल्या. जी गाडी शंभरच्या वेगाने रोज चालावयाची तिच्यात बाजूच्या धडकेपासून अधिक संरक्षण असावयास हवे होते, आणि उशिरानेही कंपनीने ते दिले नाही, ही गोष्ट मला अखेरपर्यंत खटकत राहिली.

२०२५ मध्ये सियाझची विक्री थांबली. आता ती मिळते ती जुन्या गाड्यांच्या बाजारात. तेथे घेणाऱ्याने शक्यतो २०२३ नंतरची, हाताच्या गिअरची गाडी पाहावी. इंजिन गरम झाल्यावर ते सिग्नलला आपोआप बंद पडते की नाही हे प्रत्यक्ष चालवून तपासावे, कारण ते न होणे हे थकलेल्या बॅटरीचे पहिले लक्षण असू शकते. पट्ट्याचा आवाज ऐकावा, सर्व्हिसचे दस्तऐवज मागावेत, आणि आसनाखालील बॅटरीच्या बदलीचा खर्च अधिकृत केंद्रात आधीच विचारून तो किमतीच्या बोलणीत धरावा.