सात वर्षांचं आयुष्य, दोन ओळींची नोंद! लहानपणी गेलेल्या पूर्वजाचा माग कसा काढायचा?

वसई : आमच्या आजोबांच्या आधी घरात एक मुलगा होऊन गेला. 'तापानं गेला बिचारा', एवढंच आजीने तिच्या सासूकडून ऐकलेलं. मुलीच्या जात पडताळणीसाठी जुने कागद काढायला गेलो आणि हा मुलगा पुन्हा समोर आला. मृत्यूच्या नोंदीत नाव आजोबांचं, बापाचं नावही तेच, पण साल 1918 आणि वय 7 वर्षे! आजोबा तर नंतर जन्मले. मग आजोबा कोण?

उत्तर सोपं निघालं. आधीचा मुलगा गेला की त्याचंच नाव पुढच्या मुलाला ठेवायची पद्धत अनेक घरांत होती. म्हणून नुसतं नाव जुळलं की कागद आपला, असं समजू नका. साल, वय आणि बापाचं नाव तिन्ही ताडून बघा. नाहीतर वंशावळच चुकते.

लहानपणी गेलेल्याच्या नावावर ना सातबारा, ना लग्नाची नोंद. मग शोधायचं कुठं?

कोतवाल बुक : म्हणजे गाव नमुना नंबर 14. पूर्वी गावातला जन्म-मृत्यू यात लिहीत. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावाचं नाव आणि अंदाजे साल देऊन नकलेचा अर्ज करा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतं, बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं. त्यामुळे बापाच्या नावाने शोधा. जातीचा रकानाही असतो, म्हणून पडताळणीला ही नोंद कामी येते.

शाळेचं जनरल रजिस्टर : पोरगं शाळेत गेलं असेल तर दाखल झाल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचं कारण इथं सापडू शकतं. जुन्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांना भेटा.

फेरफार : बाप आधी वारला असेल तर वारस नोंदीत लहान मुलांची नावं 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता असं लिहून येतात. तेव्हा कोण हयात होतं ते त्यावरून कळतं. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आपल्या गावाचे जुने फेरफार आलेत का, तेही बघा.

चर्च : वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या धर्मग्रामात फादरना विचारावं. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वेगवेगळी रजिस्टरं असतात.

तीर्थोपाध्याय : आजा-पणजा नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेले असतील तर तिथल्या गुरुजींच्या वहीत कुळाची नावं मिळतात. जाताना मूळ गाव आणि आडनाव नीट सांगा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, त्याआधी आपण ठाणे जिल्ह्यात होतो. काही जुने कागद ठाण्यात असू शकतात. शिवाय 2009 ला महापालिका झाली तेव्हा बरीच गावं तिच्यात गेली. ग्रामपंचायतीच्या नोंदवह्या आता कुठल्या प्रभाग समितीत आहेत ते आधी विचारा.

दुसरं, जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात. अंदाजाने वाचू नका. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. सरकारी कामाला लागणार असेल तर ते कोणाचं चालतं, हे आधी कार्यालयात विचारा.

आमच्या नोंदीत मृत्यूचं कारण 'ताप' एवढंच आहे. 1918 ला इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली होती आणि मुंबईत सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने कहर केला होता. आमच्या पोराची तारीख त्याच ऑक्टोबरातली. तो साथीतच गेला, असं कागद म्हणत नाही, म्हणून मीही म्हणत नाही.

वंशावळीत आता आजोबांच्या वर त्याच नावाची आणखी एक ओळ आहे. पडताळणीला तिची गरज नव्हती. तरी लिहिली. घरातलाच होता तो.

घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर आजच बसून विचारा. कार्यालयातला कागद उद्याही मिळेल.