कोरडं राहून पाण्याखाली!

जव्हारच्या मुलीला पाण्याची भीती? मित्रमंडळी हसतात. पण आजोळी मोखाड्याला उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट आणि पावसाळ्यात घराजवळ डाभोसाचा ३०० फुटी धबधबा! पोहायला शिकणार कुठे? आई एकच सांगायची, ‘लांबून बघ.’ मे २०२४मध्ये त्याच डोहात उंचावरून उडी मारून एका पर्यटकाचा जीव गेला, तेव्हा आईचा फोन आलाच.

पुढे मुंबईत पोहायला शिकले. तारकर्लीला स्कूबाचा बेसिक कोर्सही दात आवळून केला. मग लेस्टरच्या मावसभावाने विचारलं, ‘ड्रायसूट शिकतेस का?’ हो कसं म्हणाले, देव जाणे!

आपल्या मालवणच्या कोमट समुद्रात पातळ वेटसूट पुरतो. त्यात शिरलेलं पाणी अंगाच्या उबेने तापतं. इंग्लंडमधल्या पाण्याने भरलेल्या जुन्या खाणींत ही मात्रा चालत नाही. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा २० पटींहून अधिक वेगाने ओढून घेतं. म्हणून हा ड्रायसूट. मानेला आणि मनगटांना घट्ट सील, आत थर्मल कपडे आणि अंगाभोवती कोरडी हवा.

ही हवाच खरी भानगड! खाली जाताना दाबाने ती आकसते आणि सूट अंगाला चिमटे काढतो. मग छातीवरचं बटण दाबून सिलिंडरमधली हवा आत घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते, ती दंडावरच्या व्हॉल्व्हमधून सोडायची.

पहिल्याच दिवशी स्विमिंग पुलात मी बटण जरा जास्तच दाबलं. हवा पायांत गेली आणि अस्मादिक उलटे! खोल पाण्यात असं फुग्यासारखं वर जाणं फुप्फुसांच्या जिवावर बेतू शकतं. उपाय मात्र सॉल्लिड आहे. गुडघे पोटाशी, एक कोलांटी, डोकं वर, हवा बाहेर. दहा कोलांट्यांनंतर भीती कुठे पळाली, कळलंच नाही.

तुम्हालाही ट्राय करायचंय? आधी स्कूबाचा बेसिक कोर्स हवा. त्यानंतर ‘पॅडी’च्या ड्रायसूट कोर्समध्ये पुलातलं एक सत्र आणि खुल्या पाण्यात दोन डाइव्ह असतात.

परवा आईबरोबर डाभोसाला गेले. ‘आता काय, उडी मारशील?’ तिने विचारलं. म्हटलं, ‘नाही गं, लांबूनच बघते.’ आता भीती नाही. पण खाली काय आहे हे ठाऊक नसताना पाण्याशी मस्ती करायची नसते, हे नीट शिकलेय!